तिसऱ्या अध्यायाची उरलेली वचने

(मिशनच्या मित्रमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘दैनंदिन जीवनात देवाचे मार्गदर्शन’. घरी हे सांगितले तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “आई, तू तर अजून तोरणमाळच्या घाटात फाटा चुकतेस.” खरे आहे ते. तेव्हा मी फार जाणती म्हणून उभी नाही, हे आधीच सांगून टाकते.

मार्गदर्शन म्हटले की आपल्याला एकच वचन आठवते. नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय, पाचवे आणि सहावे वचन. मनापासून परमेश्वरावर भाव ठेवण्याविषयीचे आणि आपल्या वाटा तो नीट करतो त्याविषयीचे. इथे बसलेल्या निम्म्या घरांत तरी ते भिंतीवर असेल. माझ्या लग्नात दोन घड्याळे आली, दोन्हींवर तेच. थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना आमच्या सरांनी एकदा वर्गात विचारले, “हे वचन कोणाला पाठ आहे?” सगळ्यांचे हात वर. मग विचारले, “या अध्यायात एकूण वचने किती?” एकही हात वर नाही. ती 35 आहेत. सर एवढेच म्हणाले, “म्हणजे 33 वचने तुम्ही देवाकडेच ठेवलीत.” तेव्हा आम्ही हसलो. त्या उरलेल्या वचनांतली दोन मला पुढे फार महाग पडली. त्याबद्दलच आज बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धडगाव तालुक्यातल्या एका गावात आमचे काम नुकते सुरू झाले होते. गाव म्हणजे डोंगरावर विखुरलेले सात पाडे. एका पाड्यावरून दुसरा दिसतो, पण पोचायला तास लागतो. वस्ती पावरा आणि भिलांची. स्त्रियांसाठी काहीतरी करावे असे ओझे माझ्या मनावर होते आणि मी त्यासाठी प्रार्थना करीत होते. एका महिन्याच्या आत तीन गोष्टी झाल्या. एका मंडळीने 12 शिलाई मशीन दिली. गावात एक खोली मिळाली. आणि शिवण शिकवायला यायला एक बहीण तयार झाली. मी गुडघे टेकून देवाचे उपकार मानले. तीन दारे एकदम उघडली, आता आणखी कसले चिन्ह हवे? आपल्या याच वार्तापत्रात मी त्याची साक्ष लिहिली होती. जुने अंक जपणाऱ्यांनी कृपा करून तो अंक पुन्हा काढू नये.

ऑक्टोबरात वर्ग सुरू झाला. 14 बायका आल्या. त्यांनी पायडल मारून पाहिले, हसल्या, चहा घेतला. दिवाळी झाली आणि आठवडाभरात वर्गात पाच जणी उरल्या. बाकीच्या ऊसतोडीला गेल्या. आमच्या भागाची ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आलेले असते, तेव्हा मुकादम येऊन उचल देऊन जातो. दिवाळी झाली की त्याचा ट्रक येतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून बारडोलीकडे किंवा आपल्याच पश्चिम महाराष्ट्रात जातात. घेतलेली उचल फिटेपर्यंत परतायचे नसते. होळीला मात्र जमेल तो परततो, कारण तिकडे होळी हाच मोठा सण. ही गोष्ट त्या गावातल्या सहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक होती. मला ठाऊक नव्हती असे नाही. वर्ग कधी सुरू करावा आणि कसला करावा, हे मी त्या बायकांना विचारलेच नव्हते. देवाला विचारले होते ना, मग आणखी कोणाला कशाला?

आता वर्ग ओस पडला म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवले की एक दिवस उपवास-प्रार्थना करावी. मशीन दुसऱ्या कोणत्या गावी न्यावीत याबद्दल देवाचे मार्गदर्शन मागावे. गुरुवार होता. संध्याकाळी पाचला आम्हांला धडगावला जमायचे होते. चार वाजता मी खोलीला कुलूप लावत असताना एक बाई कडेवर मूल घेऊन वरच्या पाड्यावरून उतरून आली. मूल दीड वर्षाचे असेल. माझ्या पिशवीत दंड मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टीवर लाल रंग दिसतो. तो लाल होता. मी पायावर अंगठा दाबून पाहिला, तिथे खळगा पडून राहिला. म्हणजे सूज होती. असे मूल त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे असते आणि तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण 14 दिवस ठेवायचे असते. हे मला प्रशिक्षणात शिकवले आहे, आणि मीही इतरांना शिकवते.

गाडी दारात होती. पण गाडीत पाच जण बसणार होते आणि ते सगळे प्रार्थनेला निघाले होते. मी तिला म्हणाले, “उद्या सकाळी ये. मी गाडी घेऊन येते, आपण दोघी जाऊ.” ती बरे म्हणाली. तिकडच्या बाया आपल्याला नाही म्हणत नाहीत.

प्रार्थना चांगली झाली. फार चांगली. दोन तास. कोणाच्या तरी डोळ्यांत पाणीही आले.

सकाळी आठला मी गेले तर झोपडीच्या दाराला काट्याची फांदी लावलेली. शेजारची म्हातारी म्हणाली, रात्री ट्रक आला होता. मी अंगणवाडीताईला विचारले, मुकादमाचा फोन नंबर मिळवला, तो लागला नाही. दोन दिवस प्रयत्न केला. मग इतर कामे होती.

होळीला ती परत आली. भोंगऱ्या बाजारात मला दिसली, बांगड्या बघत होती. कडेवर मूल नव्हते. मी विचारले नाही. तिनेच सांगितले. फडावर गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात. आणि मग मला म्हणाली, “तुला त्या दिवशी देवाच्या कामाला जायचे होते ना.” तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तिकडे सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, तलाठ्यालाही आणि देवालाही. ती मला एक साधी गोष्ट आठवून सांगत होती. मी देवाच्या कामाला गेले होते, असे तिला खरोखर वाटत होते.

बंधुभगिनींनो, त्या रात्री नेले असते तर मूल वाचले असते असे मी म्हणू शकत नाही. कदाचित दवाखान्यातून ती दुसऱ्या दिवशी मूल घेऊन निघून गेली असती. उचल घेतलेली होती. कदाचित खूप उशीर झालेला होता. मला माहीत नाही, आणि ते मला या जगात कळणार नाही. पण त्या रात्री घरी येऊन मी नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय काढला आणि सहाव्या वचनावर न थांबता पुढे वाचत गेले. सत्ताविसावे आणि अठ्ठाविसावे वचन. तुम्ही घरी जाऊन स्वतः वाचा, मी फक्त आशय सांगते. ज्याचे भले करणे तुझ्या हाती आहे त्याचे भले करायचे राहू देऊ नकोस. आणि जवळ देण्याजोगे असताना शेजाऱ्याला उद्याचा वायदा करून परत पाठवू नकोस. माझे ‘उद्या ये’ हे शब्द जवळजवळ तसेच्या तसे तिथे होते. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेले. आणि ज्या अध्यायातले वचन घड्याळावर लावून मी मार्गदर्शन मागत होते, त्याच अध्यायात.

म्हणून आज मला सांगायचे आहे ते एवढेच. आपण ज्याला मार्गदर्शन मागणे म्हणतो, त्यातला मोठा भाग आधीच मिळालेले मार्गदर्शन पुढे ढकलणे असतो. निदान माझ्या आयुष्यात तरी तो तसा निघाला.

गिदोनाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत शिकलो. लोकर खळ्यात ठेवली, एकदा ती ओली आणि जमीन कोरडी, एकदा उलट. आपल्यापैकी पुष्कळ जण अजून लोकर टाकतात. ‘सोमवारपर्यंत फोन आला तर देवाची इच्छा.’ पण शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचा. लोकर टाकण्याआधीच देवाने गिदोनाला काय करायचे ते सांगितले होते. आणि गिदोन हे स्वतः कबूल करतो. तू म्हणालास त्याप्रमाणे जर करणार असशील तर, अशीच त्याची भाषा आहे. लोकर ही इच्छा कळावी म्हणून नव्हती, भीती वाटत होती म्हणून होती. देवाने त्याच्या भीतीला सांभाळून घेतले, ही देवाची दया. ती आपली पद्धत करून घेण्यात अर्थ नाही.

कोणी म्हणेल, पण पौलाला तर दृष्टान्त झाला होता. झाला होता. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. मला हा अध्याय आता फार आवडतो, कारण त्यात पौलही दोनदा चुकीच्या दिशेने निघतो. आशियात जाऊ म्हणतो, जमत नाही. बिथुनियात जाऊ म्हणतो, तिथेही वाट बंद. म्हणजे तो चिन्हाची वाट पाहत घरी बसलेला नव्हता. बसलेल्या बैलाला वळवता येत नाही, चालत्याला वळवता येते. मग त्रोवसात रात्री त्याला मासेदोनियाचा एक माणूस दिसतो, मदतीला ये म्हणणारा. आणि पुढे पाहा. पाहिले एकट्या पौलाने, पण निष्कर्ष सगळ्यांनी मिळून काढला. तिथेच लूकच्या लिखाणात पहिल्यांदा ‘आम्ही’ येते. दृष्टान्त झालेला माणूससुद्धा सोबत्यांबरोबर बसून विचार करतो. आमच्या समित्यांमध्ये मात्र कोणी ‘देवाने मला सांगितले आहे’ म्हटले की सगळ्यांची तोंडे बंद होतात. मी स्वतः हे वाक्य वापरलेले आहे, त्या 12 मशीनच्या वेळी. आता कोणी ते वापरले की मी विचारते, “आम्हांलाही सांगू दे की त्याला.” लोक रागावतात. रागावू देत.

आणि दृष्टान्तात दिसला होता पुरुष. फिलिप्पैला पोचल्यावर भेटल्या त्या नदीकाठी जमलेल्या बायका. पौल ‘माझा माणूस कुठे आहे’ म्हणून शोधत फिरला नाही. तो बसला आणि बोलू लागला. त्यांतल्या लुदियेने, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या बाईने, ऐकले आणि आपले घर उघडून दिले. माझ्या मनातल्या चित्रात शिलाई मशीन होते. माझ्यासमोर बसलेल्या बायकांचे तोंड मी पाहिलेच नव्हते.

ते पुढे कसे पाहिले, तेही थोडे सांगते. होळीनंतर मला वर्ग पुन्हा सुरू करण्याचे धैर्य झाले नाही. मशीनच्या खोलीत एक शेळी व्याली होती. मी नुसती पाड्यावर जाऊन बसू लागले. पहिल्यांदा काही न नेता. एके दिवशी शेजारची तीच म्हातारी म्हणाली, “बाई, ते शिवायचे यंत्र आणलेस, पण आमच्याकडे शिवायला कापड कुठे आहे?” सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मी विचारले, “मग काय आणू?” हा प्रश्न मी वर्षभर आधी विचारायला हवा होता. तिने लगेच उत्तर दिले. “काटा आण.”

मला आधी कळेना. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत कैऱ्या उतरवतात, सोलतात, फोडी करून उन्हात वाळवतात. तेच आमचूर. साल काढून हात काळे पडतात. वळवाचा एक पाऊस आला तर फोडी काळ्या पडतात आणि भाव कोसळतो. घरातले लहानमोठे सगळे राबतात. आणि मग दारात व्यापारी येतो, त्याच्या काट्यावर वजन करतो, तो म्हणेल तो आकडा. बायकांना माहीत होते की वजन मारले जाते. किती मारले जाते ते माहीत नव्हते. त्यांना शिवण नको होते, स्वयंपाकघर नको होते, बचतगटाचे व्याख्यान तर नकोच होते. त्यांना एक खरा वजनकाटा हवा होता.

नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय काढून पाहा, त्याची सुरुवातच तराजूपासून होते. खोटा तराजू देवाला किती वाईट वाटतो, ते पहिल्याच वचनात आहे. मी डिप्लोमाला नीतिसूत्रांवर 40 गुणांचा पेपर लिहिला आहे आणि हे वचन मला कधी कामाचे वाटले नव्हते. त्या म्हातारीने पवित्र शास्त्र वाचलेले नाही. तिला अक्षर येत नाही. पण देवाने त्या उन्हाळ्यात मला जे सांगायचे ते तिच्या तोंडून सांगितले, असे मी आज म्हणते. आणि या वेळी हे मी एकटी म्हणत नाही, माझे सगळे सहकारी म्हणतात.

काटा आणला, वैधमापन खात्याचा शिक्का मारलेला. पहिल्या दिवशी एका बाईच्या गाठोड्याचे व्यापाऱ्याने 17 किलो सांगितले होते, आमच्या काट्यावर ते साडेएकोणीस भरले. फार आनंद झाला. मग व्यापाऱ्याने आठ दिवस त्या पाड्यावर येणेच बंद केले, आणि ढगही आले. बायका माझ्यावर चिडल्या. “तुझ्या काट्याने आमचे गिऱ्हाईक गेले.” मी रात्री झोपले नाही. प्रार्थना केली, पण या वेळी मार्ग दाखव अशी नव्हे, मार्ग दिसत होता, त्यावर टिकून राहायचे बळ दे अशी. शेवटी त्यांनीच ठरवले की माल एकत्र करून धडगावच्या बाजारात न्यायचा. भाड्याची जीप केली. फार मोठा फायदा झाला असे नाही. पण वजन पूर्ण मिळाले. पुढच्या वर्षी व्यापारी परत आला आणि कुरकुरत का होईना, त्याने आमच्या काट्यावर माल मोजला. चार मशीन आम्ही मुलींच्या वसतिगृहाला दिली, तिथे ती चालतात. बाकीची देणाऱ्या मंडळीला सांगून विकली. त्यांनी समजून घेतले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

या ठिकाणी मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. 1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले तेव्हा त्या तिथे गेल्या आणि उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ति सदन त्यांच्यामुळे भरले. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण 1870 नंतरच्या दुष्काळातच गेले होते. उपाशी मुलीकडे पाहून आपल्याला काय करायचे आहे, हे त्यांना वेगळे कोणी सांगावे लागले नसणार. आणि त्या प्रार्थना करणाऱ्या होत्या, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. कोणी असे समजू नये की मी प्रार्थना कमी करा म्हणते. त्या गुरुवारी मी दवाखान्यात गेले असते तर वाटेत गाडीत प्रार्थना झालीच असती.

काही प्रश्न मात्र खरोखर वेगळे असतात. मुलीचे लग्न कुठे ठरवावे, बदली घ्यावी की नोकरी सोडावी, आईला आपल्याकडे आणावे की भावाकडे ठेवावे. यांची उत्तरे कोणत्या अध्यायात लिहिलेली नाहीत. तिथे वाचन करावे, प्रार्थना करावी, दोन शहाण्या माणसांना विचारावे, आणि ज्याच्याविषयी निर्णय आहे त्याला तर आधी विचारावे. आईला विचारावे, मुलीला विचारावे! मग निर्णय घेऊन चालू लागावे. चुकलो तर तो बिथुनियाची वाट बंद करतो. तेवढा विश्वास आपल्या पित्यावर ठेवायला हरकत नाही.

मी आता सकाळी फोन हातात घेण्याआधी थोडे वाचते आणि वहीत एकच प्रश्न लिहिते: मला आधीच कळलेली कोणती गोष्ट मी पुढे ढकलते आहे? बहुतेक दिवशी उत्तर अगदी सामान्य असते. कोणाचा तरी जातीचा दाखला अडकला आहे, तहसीलला जायचे. सहकाऱ्याला बोलले ते चुकले, माफी मागायची. एखाद्या दिवशी उत्तर येतच नाही, तेव्हा मी चहा करते.

आणि आमच्याकडे एक नियम झाला आहे. पट्टी लाल दाखवेल त्या मुलाला त्याच दिवशी गाडी मिळते, गाडीत कोणीही बसलेले असो, बिशप साहेब असोत. बिशप साहेबांना हे सांगून झाले आहे. ते हसले आणि म्हणाले, “मी टपावर बसेन.”

यंदा दिवाळीला आता सहा आठवडे आहेत. ट्रक त्यानंतर येतील, पण मुकादम आताच फिरू लागले आहेत. त्याआधी आम्हांला सातही पाड्यांवरच्या प्रत्येक मुलाचा दंड मोजायचा आहे. आणि जी कुटुंबे जाणारच आहेत, त्यांची शाळेत जाणारी मुले आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतील असे बघायचे आहे. माणसे कमी पडतात. पट्टी धरायला अर्ध्या तासात शिकता येते. शहाद्याहून धडगावची एसटी मिळते, पुढे आम्ही न्यायला येतो. पायात चांगल्या चपला असू द्या, आणि येताना मुलांसाठी बिस्किटे आणू नका, गूळ-शेंगदाणे आणा. नावे द्यायची असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत. वही मी आणली आहे.